मागच्या अंगणातलं खुराडं आणि रात्रीचा चोर (किरकटवाडी, पुणे)

खुडूक_कोंबडी | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते. इथे पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही रडगाणंच.

आम्ही किरकटवाडीत राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, पलीकडे एक कित्येक वर्षं बंद असलेला बंगला आणि त्याच्यामागे ओढा. दोन वर्षांपासून कोंबड्या पाळल्यात. गेल्या आठवड्यापर्यंत नऊ होत्या: पाच गावरान, तीन आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) आणि लेकाने हट्टाने आणायला लावलेली एक कडकनाथ. आता सात आहेत.

पहिली गेली सोमवारी. सकाळी दार उघडलं तर एक गावरान तलंग (तरुण कोंबडी) कमी. रक्ताचा टिपूस नाही. मूठभर पिसं सापडली, तीही पार ओढ्याकडच्या कंपाउंडपाशी. काल पहाटे दुसरी. ती खुराड्यातच होती, पण मुंडकं आणि मान गायब. बाकी धड तसंच, जाळीला टेकलेलं. उरलेल्या सातजणी समोरच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसलेल्या. कालपासून एकीनेही अंडं दिलेलं नाही.

सासरे म्हणतात बिबट्या. शेजारचे काका म्हणतात मुंगूस, नुसतं रक्त पिऊन जातं. कामाच्या मावशी म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, लिंबू-मिरची बांधा. बांधलीये. हसू नका.

खुराडं लोखंडी अँगलचं, चार बाय सहा, वर पत्रा, चारी बाजूंनी कोंबडीची जाळी, खाली माती. दाराला साधी कडी. लेक सातवीत आहे, रोज रात्री टॉर्च घेऊन दोनदा उठतो आणि शाळेत झोपतो. कोण असेल आणि काय करू?

खवचट_पुणेकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

लिंबू-मिरची राहू द्या, जेवताना तोंडी लावायला त्यालाही काहीतरी हवंच ना.

रानवाट | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

मुंगूस सोडून द्या, ते बिचारं दिवसाचं जनावर आहे. अंधार पडला की बिळात. भर दुपारी पिल्लं आणि अंडी पळवेल, पण पहाटे तीनला येणार नाही. आणि रक्त पिणं वगैरे काही नसतं. मानेला दात लावून मारतात, जखमेजवळ फारसं रक्त दिसत नाही, म्हणून लोकांना तसं वाटतं.

मुंडकं गायब आणि धड जाळीला टेकलेलं, यावरून एवढं नक्की की चोर आत आलाच नव्हता. कोंबडी जाळीला चिकटून झोपली होती. त्याने बाहेरून पंजा घातला, हाताला आलं ते ओढलं, जाळीतून निघालं तेवढं खाल्लं. हे काम मांजराचं, रानमांजराचं किंवा उदमांजराचं. कुत्र्यांनी असं नाजूक काम केलं नसतं. कुत्री जाळी फाडतात, सगळ्या मारून अंगणभर टाकतात आणि खात एकही नाहीत.

आज रात्री एक करा. खुराड्याभोवती दोन हात रुंदीचा पट्टा झाडून त्यावर चाळलेली बारीक माती किंवा रांगोळीची भुकटी पातळ पसरा. सकाळी कोणीही त्यावर पाय द्यायच्या आत फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.

ढोबळ ओळख: चार बोटं आणि नखांचे टोचे दिसले तर कुत्रा किंवा कोल्हा. चार बोटं, गोल ठसा, नखं नाहीत तर मांजरवर्गातलं कोणी. पाच बोटं दिसली तर इथे लिहा, मग बोलू.

आप्पा_ओतूरकर | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

ताई, मी जुन्नर तालुक्यातला. बिबट्याचं म्हणाल तर आमच्याकडं उसात तो रोजचाच. माणिकडोहचं बिबट्यांचं निवारा केंद्र आमच्यापासून लांब नाही. सिंहगडाच्या बाजूलाही त्याचा वावर आहे, त्यामुळं सासरेबुवांना वेड्यात काढू नका. पण बिबट्या आला असता तर तुमची जाळी अशी शाबूत राहिली नसती. एका पंजात दार खाली. आणि आधी तो गल्लीतली कुत्री नेतो, कोंबडी म्हणजे त्याचा चिवडा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मेलेली कोंबडी, आतडी, पिसं ओढ्यात फेकू नका. आमच्याकडं पोल्ट्रीवाल्यांनी मेलेला माल बांधावर टाकून टाकून बिबट्याला घराची वाट दाखवली. वासावर आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागं तो येतो. दोन-तीन फूट खड्डा, चुना, वर दगड. आणि पोराला रात्री एकट्याला अजिबात सोडू नका.

खुडूक_कोंबडी | ९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

आप्पा, काल ह्यांनी ओढ्याकडेच टाकली होती हो. आत्ता जाऊन पाहिलं, काही शिल्लक नाही. यापुढे पुरू. लेकाचं रात्रीचं उठणंही आजपासून बंद.

रानवाट, रांगोळी भरपूर आहे. संध्याकाळी पसरते.

हडपसर_एक्सप्रेस | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

एवढा विचार कशाला? उरलेल्या कोंबडीच्या तुकड्याला औषध लावून ठेवा, दोन दिवसांत प्रश्न मिटेल. आमच्या गावाला असंच करतात. नाहीतर घरातली वायर जाळीला जोडा.

रानवाट | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

कृपा करून कोणीही असलं काही करू नका. उदमांजर, रानमांजर, मुंगूस, धामण, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विष घालणं किंवा फासा लावणं हा सरळ गुन्हा आहे. शिवाय विषाचा तुकडा आधी कोण खाणार? शेजारचं पाळलेलं कुत्रं, नाहीतर घार. आणि घरातली लाइन जाळीला जोडली तर पहाटे दार उघडायला जाणारी बाईच आधी चिकटेल. शेतकरी वापरतात ते झटका मशीन वेगळं. त्यात बॅटरीवर क्षणभराचे ठोके जातात, जनावर दचकून पळतं, मरत नाही. पण चार बाय सहाच्या खुराड्याला ते म्हणजे मच्छर मारायला तोफ.

एखादं जनावर घरात अडकलं किंवा जखमी दिसलं तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

नाना_वेल्हेकर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

आमच्या आजीचं खुराडं पडवीच्या भिंतीतच होतं. दगड-मातीची भिंत दीड हात जाड, त्यात कोनाडा, तोंडाला फळी, फळीला अडसर, आणि वर पाटा टेकवून ठेवायची. पिल्लावाली कोंबडी डालग्याखाली, डालग्यावर पुन्हा दगड. तिच्या हयातीत रात्री एकही कोंबडी गेली नाही. दिवसा घारीने नेलेली पिल्लं सोडून, त्यांचा हिशेब ती वेगळा ठेवायची.

पण खरं सांगायचं तर त्या फळीपासून चार हातांवर आजोबांचं अंथरूण होतं. कोंबडी नुसती कुरकुरली तरी ते खाकरायचे. आता आपण एसी लावून, खिडक्या बंद करून झोपतो आणि जाळीने आजोबांचं काम करावं म्हणतो.

आणखी एक. आजी कोंबड्या दिवेलागणीला कोंडायची. म्हणजे देवापाशी दिवा लावायच्या आधी. आधी खुराडं, मग देव. ताई, तुम्ही दार किती वाजता लावता?

खुडूक_कोंबडी | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

नाना, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. कोंबड्या आपणहून सहाच्या आसपास आत जातात. पण दार मी स्वयंपाक आवरल्यावर लावते, म्हणजे साडेआठ-नऊ. उन्हाळ्यात सातपर्यंत उजेड असतो तेव्हा चालून जायचं. आता सहालाच सूर्य मावळतो, म्हणजे अडीच-तीन तास खुराडं सताड उघडं. आणि त्या सोमवारी आम्ही कोथरूडला नणंदेकडे वास्तुशांतीला गेलो होतो, यायला साडेदहा झाले. अंधारात कडी घातली, मोजलं नाही. ती तलंग तेव्हाच गेलेली असणार, आणि मी रिकामं दार बंद करून समाधानाने झोपले.

रांगोळीचा निकाल: ठसे आहेत! पाच बोटं. दोन्ही बाजूंनी आलाय, खुराड्याला पूर्ण फेरी मारलीये, दारापाशी बराच घोटाळलाय. पत्र्यावर पण रांगोळीचे पाय उमटलेत. ठसा नाण्याहून बराच मोठा. आणि बंद बंगल्याच्या कंपाउंडवर विष्ठा आहे, तिच्यात पपईच्या आणि कसल्यातरी बिया. शी, हे सकाळी सकाळी काय लिहितेय मी.

रानवाट | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

अभिनंदन, तुमच्याकडे उदमांजर आहे. कोकणात याला कांडेचोर म्हणतात. पाच बोटं, पत्र्यावरची चाल, भिंतीच्या माथ्यावर बियांची विष्ठा, यानंतर शंकेला जागा नाही. बहुधा त्या बंगल्याच्या माळ्यावर राहतंय. पुण्यात जुने वाडे, बंद बंगल्यांची कौलं, कंपन्यांची फॉल्स सीलिंग, सगळीकडे यांचा मुक्काम असतो. रात्री छतावर कोणीतरी चालल्यासारखं वाटतं आणि लोक भुताखेताच्या गोष्टी रचतात, ते बऱ्याचदा हेच महाशय.

मुख्य खाणं फळं: उंबर, पपई, चिकू. जोडीला उंदीर, किडे. कोंबडी म्हणजे पंगतीचं जेवण, सहज मिळालं तर. पकडून दूर सोडायचा विचार करू नका. ते कायद्यात बसत नाही आणि जागा रिकामी झाली की दुसरं येतं. हे माकडासारखं चढतं, त्यामुळे नुसत्या उंच कुंपणाचा काही उपयोग नाही. छप्पर आणि बाजू यांच्यामधल्या फटी बघा.

वेल्डिंग_बाबू | १० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

धंद्याची गोष्ट आली म्हणून लिहितो. भवानी पेठेत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे.

दुकानात कोंबडीची जाळी म्हणून जी षटकोनी विणलेली जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवायला आहे. चोराला बाहेर ठेवायला नाही. तार पातळ, पीळ सुटला की पुढची ओळ आपोआप उसवते, कुत्रा दातांनी फाडतो. तुम्हाला पाहिजे जीआय (गॅल्वनाइज केलेली, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) वेल्डेड जाळी, अर्धा बाय अर्धा इंच. रविवार पेठेत बोहरी आळीत रनिंग फुटावर मिळेल. गेज विचारताना लोक हमखास उलटं समजतात: आकडा लहान तेवढी तार जाड. १६ चालेल, १८-१९ पण बांधणी चांगली असेल तर चालेल, २२ घेऊ नका. वेल्डिंगनंतर गॅल्वनाइज केलेली मागा. आधी गॅल्वनाइज केलेल्या जाळीचे सांधे पावसाळ्यात आधी गंजतात.

बसवताना बांधायची तार वापरू नका. अँगलवर जाळी, जाळीवर लोखंडी पट्टी, त्यातून स्क्रू आणि मोठा वायसर, दर सहा इंचांवर. मी बघितलेली बहुतेक खुराडी मधे फाटलेली नसतात, कडेने उचकटलेली असतात.

तळाला दोन मार्ग. एक, फूटभर खणून जाळी खाली पुरा. दुसरा, माझ्या मते सोपा: जाळीचा दीड फुटाचा पट्टा खुराड्याच्या पायथ्यापासून बाहेर जमिनीवर आडवा पसरा, खुराड्याला पक्का जोडा, वर माती-फरशा टाका. उकरणारं जनावर भिंतीला खेटूनच उकरतं, त्याला जाळी लागते, दीड फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. किरकटवाडीचा मुरूम खणून बघा, मग तुम्ही पण दुसरा मार्गच निवडाल.

दाराची कडी फडफडती असेल तर जनावर नाकाने उचलतं. कोयंड्यात कुत्र्याच्या साखळीचा स्प्रिंगवाला हूक अडकवा. वर एक, खाली एक. खालचा कोपरा वाकवून आत शिरायची पद्धत जुनी आहे.

डॉ_पंख | १० नोव्हेंबर, दुपारी ४:००

पशुवैद्यक आहे, म्हणून एक धोक्याची सूचना. असे धागे वाचून लोक घाबरतात आणि खुराडं पत्र्याने चारी बाजूंनी बंद करतात. मग एप्रिलमध्ये माझ्याकडे येतात, की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतायत. कोंबडीला घाम येत नाही, ती श्वासातूनच उष्णता बाहेर टाकते. बंद पेटीत विष्ठेचा अमोनिया साचतो, डोळे चुरचुरतात, सर्दी लागते. चोरापेक्षा या बंद पेटीने मेलेल्या कोंबड्या मी जास्त पाहिल्यात.

म्हणून बसायच्या दांडीच्या उंचीपर्यंत आडोसा (फळी, पत्रा काहीही) आणि त्याच्या वर छपरापर्यंत मोकळी जाळी. वारा डोक्यावरून जाईल, अंगावर येणार नाही. दांडी मात्र जाळीपासून किमान एक फूट आत. रानवाट यांनी सांगितलेला पंजाचा प्रकार यानेच थांबेल. दांडी गोल काठीपेक्षा चपटी बरी, दोन इंच रुंद, प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा.

अंड्यांचं: भीतीने थांबतात हे खरं, पण सगळं खापर उदमांजरावर फोडू नका. दिवस लहान झाला की अंडी कमी होतातच, त्यांना चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. काहींची पिसंही याच सुमाराला गळतात. पंधरा दिवस थांबा.

मांजरी_बुद्रुक | १० नोव्हेंबर, रात्री ८:४५

माझा अनुभव वेगळा. आमच्याकडे फक्त अंडी जायची, टरफलसुद्धा शिल्लक नाही. सहा महिने शेजारच्या पोरांवर संशय घेतला, एकदा बोलले पण. एक दिवस खोक्यात हात घातला तर धामण वेटोळं घालून बसलेली. पोरांना आइस्क्रीम द्यावं लागलं.

सर्पमित्राने सांगितलं, साप कोंबडीसाठी येत नाही, उंदरांसाठी येतो. खाद्य उघड्या पोत्यात होतं, ते आता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. रात्री खाद्याची भांडी उचलून ठेवते. घुशी कमी झाल्या. त्याआधी एका घुशीने पिल्लाचा पाय फटीतून ओढून तोडला होता. फिनाइल, लसूण, डांबरगोळ्या सगळं करून झालं, सापाला काडीचा फरक पडत नाही.

आणि नायलॉनचं जाळं लावू नका. मी लावलं होतं. त्यात धामण अडकून अर्धी कापली गेली, कात्रीने सोडवेपर्यंत मेली. अजून आठवतं.

खवचट_पुणेकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

धाग्यावर चक्क सगळे उपयोगी बोलतायत. प्रकृती बरी आहे ना मंडळी? माझंही योगदान: पाषाणला मेहुण्याने लाल डोळे लुकलुकणारे सोलर दिवे लावले होते, जनावर म्हणे डोळे समजून घाबरतं. पाचव्या दिवशी मांजर त्या दिव्याशेजारी बसून कोंबडी खात होतं, उजेडात.

खुडूक_कोंबडी | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

उशिरा लिहितेय, पण काम झालंय.

बोहरी आळीतून अर्धा इंची जाळी आणली. दुकानदार २२ गेज पुढे करत होता, "वहिनी, कोंबड्यांनाच ना?" म्हणाला. मी १६ म्हटल्यावर माझ्याकडे नीट बघितलं. वायसर, पट्ट्या, हूक धरून सव्वासात हजार गेले. यात ह्यांचे दोन रविवार धरलेले नाहीत, ते त्यांची मजुरी धरायला सांगतात. खाली आडवा पट्टा घातला, वर ओढ्यातले दगड. खणायचा प्रयत्न अर्धा तास केला होता, वेल्डिंग_बाबू, तुम्ही जिंकलात. पत्रा आणि अँगलमध्ये चार बोटं फट निघाली, बरोबर पन्हाळीच्या मागे. तिथून ते सहज आत उतरलं असतं.

दांडी फूटभर आत घेतली. पहिल्या रात्री सगळ्यांनी बहिष्कार टाकला, जमिनीवर बसल्या. एकेक उचलून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी आपणहून चढल्या.

दार लावायचं काम सासऱ्यांकडे. संध्याकाळी फिरून आले की मोजतात, आणि घरात येऊन मोठ्याने "सात" म्हणतात, मगच चहा. परवा "सहा" म्हणाले आणि सगळं घर बॅटऱ्या घेऊन बाहेर. कडकनाथ पपईच्या बुंध्याशी बसली होती, काळ्या अंधारात काळी कोंबडी. तिच्या पायात आता पांढरी रिंग घातलीये.

रांगोळी अजून पसरतो, लेकाला नाद लागलाय, वहीत तारखा लिहितो. उदमांजर एकोणीस रात्रींत अकरा वेळा आलंय. आधी दाराशी थांबायचं, आता फक्त पत्र्यावरून पलीकडे जातं. झाडावरच्या पिकलेल्या दोन पपया त्याने खाल्ल्या, त्या मी हिशेबात धरल्या नाहीत. अंडी कालपासून सुरू, दोन.

सासरे अजून म्हणतात बिबट्याच होता.

आप्पा_ओतूरकर | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:००

म्हणू द्या. मोजतायत ना रोज.

धायरीकर_७६ | २९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

ताई, जाळी उरली आहे का? मला साधारण चार फूट लागेल, फक्त दाराला. अख्खा रोल घेणं परवडत नाही.

खुडूक_कोंबडी | २९ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

साडेचार फुटांचा तुकडा आहे. घेऊन जा, पैसे नकोत. अंड्यांचे रिकामे ट्रे असतील तर येताना आणा. आणि सहाच्या आत या, नंतर सासरे कुणासाठी दार उघडत नाहीत.